घराचं चित्र

भगवानराव : नातीचा हा फोटो मोठा छापून दे, पानभर. डॉक्टरच्या टेबलावर ठेवला की लांबूनच दिसला पाह्यजे.

अर्पिता : काका, नातीचा फोटो डॉक्टरला कशाला? नातीलाच न्या ना.

भगवानराव : आज सातवा दिवस हाये तिचा. बारा दिवस बायंतिनीच्या खोलीतून लेकरू बाहेर काढत नाई आमच्यात. दारावर जाड परदा, खिडकी बंद, एक बल्ब चालू. तुही काकू उंबरठ्यावर आडवी होईन, पन हलू नाई देनार. म्हनून म्हनलं, फोटोच नेऊन दाखोतो.

अर्पिता : पण झालं काय बाळाला?

भगवानराव : तूच पाह्य. आमच्या सुरभीच्या लग्नाचे एवढे फोटो काढले तू, तुले नजर हाये. मले तं बोलवत नाई.

अर्पिता : द्या कॅमेरा इकडे. हे पहिल्या दिवसाचे का? किती गोड! नाक तुमचंच आहे, काका.

भगवानराव : नाक सोड. पुढं जा.

अर्पिता : दुसरा दिवस... तिसरा... आणि हा चौथा. अगं बाई.

भगवानराव : दिसलं ना?

अर्पिता : पिवळी दिसतेय.

भगवानराव : हयदीत बुडवून काढल्यावानी. पाचव्या दिवशी बी तेच, काल तं जास्तच. तीन दिवस चांगली अन् चौथ्या दिवसापासून पिवयी. कावीय अशीच सुरू होते.

अर्पिता : घरी काय म्हणतात सगळे?

भगवानराव : घरी कोनाले सांगतलंच नाई. खत आनाले राळेगावले जातो म्हनलं अन् एस्टीत बसलो. रातभर डोयाले डोया नाई माह्या.

अर्पिता : अहो, इतकी मोठी गोष्ट, काकूंना तरी सांगायची.

भगवानराव : तिलेच तं सांगता येत नाई. सुरभीच्या आधी आमाले एक पोरगा झालता. असाच पिवया पडला. तवा घरात लाईट नव्हती, कंदिलाच्या उजेडात काय समजते? कोनी म्हने गंडा बांधा, बांधला. अकराव्या दिवशी गेला. एक फोटो नाई त्याचा आमच्यापाशी. शकु म्हनते, मले आता त्याचा चेहरा बी नीट आठवत नाई. त्याच्यानंच तं हिचे रोज काढून राह्यलो मी. अन् पाह्य, त्या बल्बाच्या उजेडात डोयाले समजलं नाई, ते फोटोत दिसलं.

अर्पिता : काका, पाणी घ्या आधी. आणि मला एक सांगा, हा कॅमेरा तुमचा?

भगवानराव : जवायाचा. अमर पुण्याले ड्युटीवर गेले, तवा ठेवून गेले. म्हने मामाजी, चक्र हिरव्या खुनेवर ठेवा, बाकी कायले हात लावू नका.

अर्पिता : मग आता चक्र पी वर कसं?

भगवानराव : हिरव्यावर आपल्याच मनानं फ्लॅश उडे. लेकरू असं दचके, दोनी हात वर करे. सुरभी माह्यावर खेकसली. मंग मीच चक्र फिरोलं. पी वर फ्लॅश गप बसला. हुशारी केली ना?

अर्पिता : केली की. हे कधी केलं?

भगवानराव : चौथ्या दिवशी.

अर्पिता : चौथ्या दिवशी. आणि आत आणखी काही दाबलं?

भगवानराव : एक बटन दाबलं तं चित्रं आले. सूर्य, ढग, बल्ब, ट्यूबलाईट, अन् एक घर. आता मी घरात बसून फोटो काढून राह्यलो, तं घरच लावीन ना? घर लावलं.

अर्पिता : काका!

भगवानराव : काय झालं? बिघडला का कॅमेरा? जवाई काय म्हनतीन...

अर्पिता : कॅमेरा धडधाकट आहे. ते घराचं चित्र म्हणजे घराच्या आतलं नव्हे. घराची बाहेर सावली पडते ना, ती. बाहेर सावलीत उजेड निळसर असतो, म्हणून कॅमेरा आपल्याकडून पिवळा रंग मिसळतो, बरोबरी करायला. तुमच्या खोलीत बल्बचा उजेड आधीच पिवळा, त्यात यानं आणखी ओतला.

भगवानराव : म्हंजे लेकरू पिवयं नाई, फोटो पिवया हाये?

अर्पिता : मला तसंच वाटतंय.

भगवानराव : वाटते अन् असते, यात लय फरक हाये बाई. तू माह्या मनाची समजूत घालून राह्यली.

अर्पिता : तसं नाही. या फोटोत एखादी पांढरी वस्तू सापडली तर लगेच कळेल. दुपट्यावर तर सगळी फुलंच आहेत. थांबा, मोठा करून बघते. मागे हे काय आहे? हरभऱ्याची डाळ वाळत घातली का?

भगवानराव : डाय? कुठी डाय?

अर्पिता : ही काय, बाळाच्या डोक्यामागं. ढीग आहे पिवळा.

भगवानराव : डाय म्हनते! कापूस हाये तो! माह्या वावरातला, पह्यल्या वेच्याचा. बाकी घर भरलं म्हनून त्या खोलीच्या कोपऱ्यात लावला.

अर्पिता : पण हा तर...

भगवानराव : पानी लागलं नाई त्याले, कवडीचं एक बोंड नाई त्यात. पिवयं बोंड दाखव अन् माही मिशी काढून घे. दुधावानी पांढरा कापूस हाये तो, पोरी!

अर्पिता : आणि इथं डाळ दिसतोय.

भगवानराव : अन् दुसऱ्या दिवसाच्या फोटोत? मांगं जा, मांगं जा लवकर.

अर्पिता : हा घ्या. तोच ढीग, तोच कोपरा.

भगवानराव : पांढरा फक्क. अरे बाप्पा. कापसाले तं कावीय होत नाई ना, अर्पिता?

अर्पिता : नाही होत, काका. पण कापसाच्या साक्षीवर थांबू नका. फोन लावा घरी. बाळाला उजेडात घेऊन डोळे पाहायला सांगा. जरा जरी पिवळे वाटले तर रीत-बीत बाजूला ठेवून दवाखान्यात न्यायचं.

भगवानराव : शकु घाबरन.

अर्पिता : लावा.

(भगवानराव फोन लावतात. अर्पिता स्पीकर चालू करून देते.)

शकुबाई : हां, बोला. भेटलं का खत?

भगवानराव : खत... अवं, आशाताई येनार होत्या ना आज?

शकुबाई : बसल्या हायेत. वजन केलं आत्ताच, बरोबर भरलं म्हने.

भगवानराव : मंग त्याइले म्हना... म्हंजे तू राग नको मानू. लेकराले जरा उजेडात घ्या म्हना. डोये पाह्याचे होते.

शकुबाई : काहून?

भगवानराव : असंच.

शकुबाई : असंच नाई. तीन दिवसांपासून तुमी त्या कॅमेऱ्यात पाह्यता अन् तोंड पाडून बसता. खत आनाले गेलेला मानूस पिशवीत कॅमेरा कायले नेईन? पिवयी वाटली ना तुमाले?

भगवानराव : शकु...

शकुबाई : मी रोज सूर्य निघाला की खिडकी उघडते. सुरभी झोपली असते तवा. लेकराले उजेडात घेते, नाकावर बोट दाबून कातडी पिवयी दिसते का पाह्यते, डोये पाह्यते. पह्यल्या दिवसापासून. तुमाले काय वाटलं, मी विसरली त्याले?

भगवानराव : तू? खिडकी उघडते? तूच तं परदा हलू देत नाई कोनाले!

शकुबाई : लोकाइले नाई हलू देत.

भगवानराव : मंग? कसे हायेत डोये?

शकुबाई : पांढरे. आज सकायी बी पांढरे. आशाताईनं आत्ता परदा सारून पाह्यलं, कावीय नाई म्हने. आयका, बोट दाबलं तं रडून राह्यली. येते आवाज?

भगवानराव : येते.

शकुबाई : मंग या घरी. अन् एवढ्या दूर गेले तं खत घेऊनच या. ठेवते.

अर्पिता : काका? अहो, डोळे पुसा. आता तर सगळं चांगलं झालं.

भगवानराव : म्हनूनच. सकायपासून रडू येऊन नव्हतं राह्यलं, आता येऊन राह्यलं. येऊ दे.

अर्पिता : येऊ द्या. तोवर मी हे नीट करते. पी वरच ठेवलाय, म्हणजे फ्लॅश उडणार नाही. पण घर काढून टाकलं, आता उजेड पाहून रंग त्याचा तोच ठरवेल. हे तीन दिवसांचे पिवळे फोटो पुसून टाकू का?

भगवानराव : नको, नको! एक बी पुसू नको. कसे बी आले तरी तिचेच हायेत.

अर्पिता : बरं, राहू दे. आता माझा एक काढून पाहा, जमतंय का ते. असा धरा. हां.

भगवानराव : तू हालून राह्यली.

अर्पिता : मी नाही हलत, काका.

भगवानराव : मंग माहाच हात हाये. थांबतच नाई पाह्य. याच्यासाठी बी असन ना एखादं बटन?

अर्पिता : आहे. पण तुम्ही आधी जरा बसा.