बाबांचं ‘चालू हाय’

व्हिडिओ वाट्टेल तिथे कापता येतो असं वाटतं ना तुम्हाला? मलाही वाटायचं.

बाबा गेल्यापासून आईने धवले, म्हणजे आमच्या आगरी लग्नातली गाणी, गायचं सोडलंय. म्हटलं, बहिणीच्या हळदीला आईचेच गातानाचे जुने व्हिडिओ जोडून लावू. ते सगळे बाबांनीच मोबाइलवर काढलेले, आणि दर वेळी सुरुवातीला त्यांचं ठरलेलं, "गा गो, चालू हाय." तो आवाज ऐकून आई भर हळदीत रडत बसेल, म्हणून बायकोला सांगितलं, "तेवढं उडव."

तिने चहा उकळायच्या आत लॅपटॉपवर कापून, जोडून दिलं. लावलं, तर प्रत्येक गाण्याआधी बाबा हजर!

मी भडकलो. "अगं, उडवलंस कुठे?"

"मी गाण्यापासूनच कापलं," ती म्हणाली. "पण क्लॅरिटी जाऊ नये म्हणून व्हिडिओ नव्याने बनवला नाही, आहे तसाच कापला. त्यात पूर्ण चित्र मधूनमधूनच असतं, बाकी नुसते त्यानंतर झालेले बदल; त्या चित्राशिवाय ते दिसत नाहीत. मग कट आपोआप मागच्या पूर्ण चित्रावर सरकतो."

आणि प्रत्येक वेळी ते चित्र नेमकं बाबांच्या बोलण्याआधी? अंगावर काटाच आला. तरी म्हटलं, "नव्याने बनव."

"राहू दे रं." आई कधीची मागे उभी होती. "ते बोलल्याबिगर मी कदी गायलीच नाय."

तेवढ्यात लॅपटॉपमधून पुढचं "गा गो, चालू हाय" आलं, आणि व्हिडिओतल्या आईच्या आधी आमची आई गायला लागली.