विहिणीनं पाहिलेलं स्टेटस

नाय नाय, भाऊ, त्या साड्या उचलू नका, राहू द्या पसरलेल्या. येतीलच आता विहीणबाई. खुलताबादहून यायचंय त्यांना, दौलताबादच्या दरवाज्यात अडकली असंल क्रुझर, दुसरं काय — तिथं एक ट्रक आडवा झाला की मागं पार रांग लागती. तुम्ही बघा की तोवर दुसरं गिऱ्हाईक... कुणीच नाय? व्हय, आज गुलमंडीत शुकशुकाटच हाय. ऐन लग्नसराई, अन् माणसं घरात मोबाईलला चिकटून बसलेत. आता मला शालू दाखवून काय उपेग? नवरीचा शालू नवरदेवाकडच्यांनी घ्यायचा, बस्त्याची रीतच हाय ती. मी हात लावला तर खुलताबादला बोभाटा व्हईल, रत्नमालाबाईला लईच घाई म्हणून. माझ्याकडं नवरदेवाचे कपडे — पण माप कुणाचं देऊ? नवरदेव तिकडं जम्मूच्या बाजूला. व्हय, मिल्ट्रीत हाय जावई. शिवराज नाव. पुढच्या रविवारी लग्न हाय अन् सुट्टी रद्द झाली. येतो का नाय, त्यालाच माहीत नाय तर मला काय माहीत? पण बस्ता ठरला तो ठरला, मोडायचा नसतो. थांबा, वाजला... नाय, बातम्यावाल्यांचं हाय. 'मोठी बातमी'. ह्यांची सगळीच मोठी, बारीक बातमी म्हणून कधी येतच नाय.

चहा नको. बरं, द्या अर्धा. ह्या मोबाईलनं डोकं उठवलंय बघा. आमचे दीर हायेत, गोकुळ — बजाजनगरच्या नाक्यावर टायरचं दुकान हाय त्यांचं — पण लढाई सुरू झाल्यापासून ते जनरलच झालेत. घरच्या ग्रुपवर नकाशे टाकतात, लाल बाण, निळे बाण, कोणता बॉम्ब कुठवर जातो, सगळं तोंडपाठ. दुकानात गिऱ्हाईक टायर घेऊन उभं, अन् हे त्याला रडार समजावून सांगायलेत! परवा एक व्हिडिओ टाकला, अंधारात नुसता जाळ, धाडधाड आवाज, खाली लिहिलेलं — बघा आपल्या वाघांचा पराक्रम. म्हणलं ह्या जाळात आपला शिवराज कुठं असंल? अन् प्रांजली, माझी लेक, तिचंच लग्न हे — तिनं बघितला अन् म्हणली, आई, हा गेम हाय. पोरं मोबाईलवर खेळतात तो. गेम! अन् तोवर मी तो माहेरच्या ग्रुपवर ढकलून मोकळी. माझा भाऊ म्हणतो, लई भारी, अजून पाठव. अजून पाठव म्हणे! मी काय चॅनल काढलंय?

सगळे पेटलेत नुसते. सोसायटीतल्या बाया भाजी निवडता निवडता म्हणतात, आता सोडायचं नाय त्यांला. आता तुमच्या घरातलं कोण गेलंय तिकडं? तुम्हाला काय जातंय बोलायला? ज्याचं जळतं त्याला कळतं. मी तर कालपासून त्या बायांत बसतच नाय... काय? मी काय म्हणले व्हते? मी कशाला काय म्हणू... तसं म्हणजे... पहिल्या दिवशीचं वेगळं व्हतं ओ. पहिल्या दिवशी सगळ्यांनीच स्टेटस ठेवली. झेंडे, तलवारी, सिंह. जावेनं ठेवलं, भाच्यानं ठेवलं, मग आपणच मागं कामून? मी बी ठेवलं. 'आता थांबायचं नाय! एकदाच निकाल लावा!' खाली तलवार. मला चढलंच व्हतं, खोटं कामून बोलू? टीव्हीवर ढोल वाजायलेत, गोकुळ ओरडायलेत, आमचे हे पेढे घेऊन आले. अन् शिवराज तिकडंच हाय हे माझ्या डोक्यातच आलं नाय. शप्पथ सांगते, नाय आलं. टीव्हीतली मिल्ट्री वेगळी अन् आपला जावई वेगळा, असंच वाटलं मला. जेवायला बसले, पहिला घास हातात, तवा डोक्यात उजेड पडला — अगं बये, निकाल लावा म्हणजे कुणी लावायचा? तसंच उठून स्टेटस काढून टाकलं. पण त्याच्या आधी कुणी कुणी बघितलं ती नावं येतात ना खाली, त्यात मधेच — द्वारकाबाई. शिवराजची आई. माझी विहीण. जिचं एकुलतं एक पोरगं तिकडं हाय, तिनं बघितलं का तिची विहीण म्हणती थांबायचं नाय.

तवापासून फोन नाय त्यांचा. त्याच्या आधी रोज यायचा — आज वड्या केल्या, प्रांजलीला कोणता रंग आवडतो, हळदीला बाया किती येणार. आता मी केला तरी उचलत नाय. आज सकाळपासून किती डाव केला! राग आला असंल. येणारच ना, मला आला नसता का? मी तर तोंडावर बोलले असते.

नाय भाऊ, ती मोरपंखी राहू द्या, मोरपंखी नको. मला काय सुचेना. तुम्ही बसा ना जरा, सारखं उभं राहू नका डोक्यावर, अजून घाबरल्यासारखं व्हतं.

खरं सांगू का... तुम्ही परके हायेत म्हणून सांगते, आमच्या ह्यांना बी ठाऊक नाय. नुसत्या स्टेटसचं असतं तर मी खुलताबादला जाऊन पाय धरले असते. पण काल दुपारी मी अप्पारावांना फोन केला. अप्पाराव म्हणजे ज्यांनी ही सोयरीक जमवली ते. झालं काय, मी घरात एकटी, हातात मोबाईल, अन् त्यात एक बाई दिसली. कुठली, कोणची, देव जाणे, खरी का खोटी तेही ठाऊक नाय. हातात हिरवा चुडा, पुढं झेंड्यात गुंडाळलेली पेटी, अन् तिला दोघी धरून चालवायलेत. माझ्या प्रांजलीएवढी. मी तो व्हिडिओ परत परत बघितला. बंदच करता येईना. अन् मग अप्पारावांना म्हणले — म्हणले, कुंकू लावून सोयरीक पक्की झालीय, पण लग्न तर नाय ना झालं. काही वाट निघंल का बघा, गोडीनं. तुम्हीच तिकडून काढा विषय. पत्रिकेचं काढा, तारखेचं काढा, काहीही काढा, माझं नाव नको. असं म्हणले मी. स्टेटसवर तलवार अन् पाठीमागं हे! बघू नका असं माझ्याकडं. तुम्हाला लेक हाय का? हाय? मग सांगा, तुम्ही काय केलं असतं? अन् ती पोरगी... तिला ह्यातलं काही ठाऊक नाय. ती म्हणती, आई, रविवारी नाय आला तर दिवाळीत करू, दिवाळीत नाय आला तर पुढच्या उन्हाळ्यात, पण त्याच्याशीच. जेवत नाय धड. त्याचा मेसेज आला की तेवढी भाकरी खाती. मला भीती वाटती ओ, लई भीती वाटती, अन् ह्या मोबाईलला कुठं थांबायचं ते कळत नाय.

आला! आला, त्यांचाच हाय. हॅलो — हॅलो, बोला विहीणबाई... नाय नाय, मी कशाला रागावू... व्हय, दुकानातच हाय... काय म्हणता?... कधी आला फोन?... बरा हाय ना? जेवला का?... काय म्हणला?... माझं?... असं म्हणला?... नाय ओ, मी कशाची खंबीर... या ना, या, वरच्या मजल्यावर. हळू या, जिना अरुंद हाय.

खाली आल्यात, भाऊ! चपला काढायलेत! ऐकलं का तुम्ही? सकाळी शिवराजचा फोन आला, दोनच मिनिटं. त्यानं बी बघितलेलं माझं स्टेटस. आईला म्हणला, तू रडत बसू नको, सासूबाई बघ कशा खंबीर हायेत, अशा घरची पोरगी करतोय, मला कसली फिकीर. म्हणून त्या निघाल्या म्हणे, नायतर येणारच नव्हत्या. म्हणजे रडत व्हत्या, रागावल्याच नव्हत्या! अन् अप्पारावांनी तोंड उघडलेलं दिसत नाय अजून. थांबा, थांबा, आधी त्यांना गप करते. जिना चढेपर्यंत व्हतं. उचला, अप्पाराव, उचला... हॅलो, मी रत्नमाला. ऐका, कालचं ते सोडून द्या, तिकडं एक शब्द बोलू नका, माझी चूक झाली... काय?... आज सकाळी?... सगळं? माझं नाव घेऊन?... मग काय म्हणल्या त्या?... एवढंच?... ठेवते.

सांगितलं त्यांनी. सकाळीच त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. सगळं ऐकून घेतलं म्हणे बाईनं, पाणी प्याली, अन् म्हणली, गाडी आली का बघा, बस्त्याला जायचंय. म्हणजे आता फोनवर माझ्याशी बोलल्या ते सगळं ठाऊक असून बोलल्या. मग शिवराज तसं म्हणला तरी का? का त्यांनीच मनचं जुळवलं, मला कालचं बोलणं मागं घ्यायला वाट ठेवायची म्हणून? तिचं पोरगं तिकडं, अन् ती मला सांभाळून घेती! मी कुठल्या तोंडानं... भाऊ, तुम्ही जा तिकडं काउंटरवर. जा म्हणते ना. काही ऐकलं नाय तुम्ही, बरं का, एक अक्षर ऐकलं नाय.

या, विहीणबाई. या. तुम्ही बसा आधी, दम लागलाय तुम्हाला. मी म्हणत व्हते... मी काय म्हणत व्हते की...