गळकी झडप

नाही काका, कोपऱ्यात नाही बसणार ती. तुम्ही फिरून फिरून तेच विचारलंत तरी उत्तर तेच — तिथे लाकडी कपाट आहे, आणि खोली गरम करायची शेगडी म्हणजे काही फ्रिज नाही, जागा दिसली की ढकलला. तिच्या पाठीमागे हातभर मोकळं पाहिजे, दोन्ही बाजूंना मोकळं पाहिजे, खाली दगडाची लादी पाहिजे, आणि ती लादी अशी जिभेसारखी पुढे आलेली पाहिजे, कारण दार उघडलं की ठिणगी पुढेच उडते. कपाट हलवा. सासऱ्यांनी दिलेलं आहे, जड आहे, सगळं मान्य — पण लाकडाला रोज शेक लागत गेला ना, की ते आतल्या आत वाळत जातं आणि एक दिवस ज्वाळेनं शिवलंही नाही तरी पेट घेतं. मग सासरे येणारेत का विझवायला? — वारले? मग तर प्रश्नच मिटला, हलवा कपाट. — हसा, हसा. मी तोंडाचा फटकळ आहे, माझ्या मालकानं तुम्हाला आधीच सांगितलं असेल. काम नीट करतो पण.

हा, ती धुराची नळी. तिचं सांगत होतो. प्रत्येक तुकड्याचं एक तोंड निमुळतं असतं, बघा — ते खाली. हो, खाली. तुम्हालाही उलटं वाटलं ना? सगळ्यांना वाटतं. धूर वर जातो, मग खालचा तुकडा वरच्यात घुसायला हवा, सरळ हिशोब. पण सांधे आपण धुरासाठी नाही जुळवत, डांबरासाठी जुळवतो. ओल्या लाकडाचा धूर वर जाऊन गार झाला की त्याचं काळं चिकट पाणी होतं, आणि ते उतरतं खाली. निमुळतं तोंड खाली असेल तर ते आतल्या आत ओघळत आगीत पडतं, जळून जातं. उलटं असेल तर सांध्यासांध्यातून बाहेर. आमच्या घरी आलं ना बाहेर. मी बरोबर लावली होती, मी कामावर गेल्यावर वडिलांनी सगळी उतरवून उलटी लावली. नळजोडणीवाले आहेत ते, म्हणजे होते, आता घरी असतात. जन्मभर पाण्याच्या नळ्या जोडल्या, कुठला सांधा कधी गळला नाही — हे मला बाळगुटीबरोबर पाजलंय. प्रवाह जिकडे, निमुळतं तोंड तिकडे. पाण्याला बरोबरच आहे ते, मी कुठे नाही म्हणतो. पण धूर वर जाताना पाणी खाली पाठवतो, हे त्यांना कोण सांगणार? मोठ्यांचं एक असतं काका, राग आला तर येऊ दे — एकच चूक पुष्कळ वर्षं केली की तिला अनुभव म्हणतात.

काय झालं म्हणजे? ओघळ आले. पांढऱ्या भिंतीवर, काजळासारखे. आणि मी ते पुसले नाहीत. त्यांचे ते हार्डवेअरच्या दुकानातले दोस्त आले होते घरी, चहा चालला होता, तेव्हा मी आईला म्हटलं, "आई, त्यांना सांग, गळतंय." बस, एवढंच. सगळे वर बघायला लागले. एक जण म्हणाला, अरे, तुझा सांधा आणि गळतोय? वडील कप तसाच ठेवून उठले, न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले. मला — खोटं कशाला बोलू — मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

आईला का सांगितलं? ते समोरच बसले होते की. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मी डिप्लोमा अर्ध्यात सोडला तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत आणि मीही त्यांच्याशी बोलत नाही, सगळा कारभार आईमार्फत. बादली माझ्या पायाशी, मी बादलीशी, आणि ते आईला म्हणणार, "त्याला सांग, बादली उचल." आई सांगणार, बादली उचल रे. मी म्हणणार, "त्यांना सांग, उचलतो." आमची आई म्हणजे नळातला तो टी असतो ना, तीन तोंडांचा, तो. दोन्हीकडचं पाणी तिच्यातूनच जायचं. गंजली बिचारी. — नाही, मी माफी वगैरे नाही मागणार, कशाची मागू? वर्गात बसून ज्या यंत्राची चित्रं काढायची ते यंत्र शिकवणाऱ्यानंही कधी पाहिलेलं नव्हतं. उठलो, आलो. त्यांचं म्हणणं काय तर, पोराचे हात काळे होऊ नयेत म्हणून मी माझे झिजवले, आणि हा शहाणा काळं करायलाच गेला. आईनं निरोप दिला तसाच्या तसा, स्वर सुद्धा त्यांचाच काढून.

ही झडप. हिच्याकडे नीट लक्ष द्या, बाकी विसरलात तरी चालेल. नळीच्या आत ही लोखंडी चकती आहे, बाहेर ही मूठ. आडवी केली की धूर अडतो, आग मंद होते, लाकूड पुरतं. पण चकतीला इथे भोक दिसतंय? कडेचा तुकडा कापलेला? — हो, गळतेच ती. मुद्दाम. ती पूर्ण बंद होताच कामा नये. निखारे विझले असं तुम्हाला वाटतं, पण ते विझलेले नसतात, राखेखाली धुमसत असतात, आणि धुमसणारा निखारा जो वायू सोडतो त्याला ना रंग ना वास. धूर असता तर खोकला आला असता, उठून खिडकी उघडली असती. ह्यानं काहीच होत नाही. डोकं जड होतं, झोप येते, माणूस म्हणतं, काय छान ऊब आली, जरा पडते — आणि पडतं. म्हणून ते भोक. म्हणून भिंतीतली ती हवेची जाळी पण मोकळी ठेवायची, गार वारा येतो म्हणून त्यात कपडा कोंबायचा नाही.

कोण कशाला बुजवेल म्हणताय? बुजवतात. आमच्याकडे वडिलांनी बुजवलं. बुजवलं म्हणजे चकतीच नवी कापून घातली, अख्खी, अशी घट्ट की पाण्याचा थेंब जाणार नाही. आज सकाळी मूठ फिरवून बघितली तर — खट्. भोक असलं की ती इतकी घट्ट बसत नाही, हाताला कळतं. मी आईला म्हटलं, हे काय केलंय विचार. तिकडून उत्तर आलं, "त्याला सांग, गळका कॉक म्हणजे कॉक नव्हे." आणि ते घरातून निघताना ती बंद करतात. सवय. घर सोडताना मेन कॉक बंद करायचा, ही नळवाल्याची सवय. दुपारचं जेवण झालं की मूठ आडवी करायची आणि हार्डवेअरच्या दुकानात दोस्तांत जाऊन बसायचं.

मग मी काही बोललो का? बोललो की. म्हणजे — काय बोलणार? आईला म्हटलं, त्यांना सांग. आई म्हणाली, ह्या वेळी तूच सांग, माझे गुडघे दुखतायत, मला मध्ये घेऊ नका. तिला शेगडीजवळ बरं वाटतं, गुडघ्यांना शेक मिळतो, दुपारची तिथेच कॉट टाकून पडते, दार लावून, ऊब जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, मरू दे, मला काय, आणि आलो निघून.

काय? — कुठला? तो वायू साचला की वाजणारा अलार्म? जुना कुठे, नवाच आहे. तसाच रंग असतो त्याचा. — मागच्या कडेला भिंतीचा पोपडा चिकटलाय? निळा? तुमची भिंत पांढरी आहे खरी. चांगली नजर आहे हो तुमची.

बरं. ऐका. दुकानात संपले होते. मालक सकाळी फोनवर म्हणाला, उद्या येतील, आज तसंच पेटवून दाखव. मी म्हटलं, बिनअलार्मचं मी पेटवत नाही. तत्त्वाचा माणूस ना मी. तर हा आमच्या घरचा आहे. सकाळी काढून आणला. नाही, चोरला कसा, मीच लावलेला — आणि त्यांनीच सांगितलं काढायला. ती नवी चकती घातल्यापासून दुपारी वाजायचा म्हणे, किरकिर करायचा, ते आईला म्हणाले, "त्याला सांग, बिघडलेलं यंत्र घेऊन जा." बिघडला नव्हता, काका. मला कळलं होतं का वाजतोय ते. मी तिथल्या तिथे स्क्रू काढले आणि आईला म्हटलं, त्यांना सांग, नेलं.

किती वाजले? — नाही, सहज. जेवणं झाली असतील घरी. मघाशी तुम्ही पाणी आणायला गेलात ना, तेव्हा लावला होता आईला फोन. उचलला नाही. ती स्वयंपाकघरात ठेवते फोन, आणि झोपली असेल. झोपतेच ती ह्या वेळेला. त्याआधी पण लावला होता एकदा, शिडीवर असताना.

तुमचा फोन द्या जरा. माझा नंबर बघून वडील उचलत नाहीत. द्या ना.

— हॅलो. हॅलो, शेगडीवाला बोलतोय. हो, शेगड्या बसवतात ते. तुम्ही घरी आहात की बाहेर? — झडप बंद करून आलात? — नाही, माहिती नंतर देतो, तुम्ही आधी उठा तिथून. उठा आणि घरी चला. दार उघडून आधी बाईंना बाहेर काढा, मग खिडक्या, मग झडप. आधी बाईंना. आत श्वास रोखून जा. — फोन बंद करू नका, खिशात ठेवा, चालू राहू दे.

निघाले. दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे, लांब नाही. धावतायत बहुतेक, धाप ऐकू येतेय. "थांबा हं साहेब" म्हणाले मला. साहेब. फोनवर आवाज ओळखलाच नाही, मला अहोजाहो केलं, काका, आणि लगेच उठले. परका शेगडीवाला सांगतो तर लगेच उठले. मी सकाळी आईला बाजूला सारून एवढं एक वाक्य बोललो असतो तर — नसते उठले? काय माहीत. मी बोललोच नाही ना. तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला वाटतंय रागात विसरलो. विसरलो नव्हतो. इथे तुमच्या भिंतीला भोक पाडताना मला आठवत होतं, लादी बसवताना आठवत होतं. मी म्हणत होतो, होऊ दे, दुखू दे तिचं डोकं जरा, म्हणजे त्यांना कळेल. पुन्हा एकदा गळायला हवं होतं मला, सगळ्यांसमोर. आणि तिला काही झालं असतं ना, तर मी काय म्हटलं असतं सांगू? झडप त्यांनी बंद केली. हेच म्हटलं असतं. आणि ते खरं असतं, काका. जन्मभर खरं असतं.

श्श. कडी काढतायत.

हाक मारतायत तिला.

पुन्हा मारतायत.

— हॅलो? हॅलो, काय झालं? — कण्हतेय का? बोलतेय? — बरं. बरं, शिव्या देऊ दे, देऊ द्या शिव्या, उचलून आणा बाहेर. पायरीवर बसवा, वाऱ्याला. — डोकं ठणकतंय? मळमळतंय? — पडू देऊ नका तिला, आणि पाणीबिणी राहू दे, रिक्षा बोलवा, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. डॉक्टरांना म्हणायचं, कोंडलेल्या शेगडीचा वायू. ह्याच शब्दांत सांगा. आणि तुम्ही परत आत जाऊ नका, झडप राहू द्या तशीच. दार सताड उघडं टाका. — उपकार वगैरे नाहीत हो. नाही, साहेब म्हणू नका. — काय? — हो, असतो, वाजणारा एक अलार्म असतो. — तुम्हीच काढायला लावलात? — मुलानं नेला म्हणजे…

मी नेला.

मी, बाबा.

— हॅलो.

हा घ्या तुमचा फोन. नाही, ठेवला नाही त्यांनी, चालूच आहे. रिक्षावाल्याचा आवाज येतोय बघा. तुम्ही ठेवा, माझ्याच्यानं नाही ठेववत. — आणि तो स्क्रू-ड्रायव्हर द्या इकडे. हा अलार्म मी काढून नेतोय. आज पेटवायची नाही शेगडी, कितीही थंडी वाजली तरी. कपाट हलवून ठेवा. सरका, शिडी जाऊ द्या माझी.