ढिगापाशी थांबलेली मोटार

तुम्ही मोटारीचं काढलंत म्हणून सांगते. आमच्या लग्नाला तीन महिने झाले होते. चांद्याच्या एका मयत लाकूड-ठेकेदाराची मोटार विकायची होती. इंजिन एकदा जाम होऊन नव्यानं बांधलेलं, म्हणून हे मला घेऊन ती पारखायला निघाले. चालवायला ठेकेदाराचे जुने ड्रायव्हर मारोतीभाऊ.

भर दुपारी, जंगलात, वाळक्या डहाळ्यांच्या ढिगापाशी मोटार थांबली.

“काऊन थांबवली?” यांनी विचारलं.

“मी नाई थांबवली, साहेब.” मारोतीभाऊंनी उतरून एक डहाळी तोडली आणि ढिगावर ठेवली. “मागं इंजिन इथीच जाम झालं. मालक पायी निघाले, अन् वाघानं नेलं. येणारा-जाणारा डहाळी ठेवते. तुमीबी ठेवा, बाई.”

मी ठेवली. त्यांनी हँडल मारलं. इंजिन गप्पच.

“पेट्रोलात कचरा असन,” हे आतूनच म्हणाले. “मी असलं मानत नाई.”

“साहेबाची राह्यली,” मारोतीभाऊ शांतपणे म्हणाले.

मागं पाचोळा वाजला. हे उतरले आणि आम्हा दोघांपेक्षा मोठी फांदी ठेवून आले. पहिल्याच हँडलला इंजिन सुरू झालं.

परतताना बऱ्याच वेळानं यांनी विचारलं, “इंजिन तं चांगलं आहे, नाई?”

“इंजिनात काहीच खोट नाही,” मी म्हटलं.

मोटार आम्ही घेतली नाही.