रेषेखालचा बुधवार

(सकाळ. ती हॉस्पिटलातली रात्रपाळी करून आत्ताच घरी आली आहे. तो कामावर निघायच्या तयारीत, हातात तिची पगाराची स्लिप.)

तो : ...चष्मा लावून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. हातात पडणारा आकडा गेल्या महिन्याचाच आहे.

ती : अं.

तो : अं काय? तू भूल विभागाची प्रमुख झालीस ना? की ते मला स्वप्नात पडलं?

ती : झाले. दारावर पाटीसुद्धा लावलीये. तिचा एक स्क्रू सैल आहे, दार लावलं की ती मान हलवते.

तो : पाटी लागली, पगार वाढला, आणि घरी तेवढेच. सगळं टॅक्सने गिळलं म्हणायचं.

ती : टॅक्सने नाही गिळलं. टॅक्सचा आकडा बघ ना. आणि तो पडदा ओढ, डोळ्यांत उजेड जातोय.

तो : ओढला. टॅक्स... अरे, हासुद्धा गेल्या महिन्याइतकाच. पगार वाढला की टॅक्स वाढायलाच हवा. स्लिप चुकलीय.

ती : नाही चुकली. वरची ओळ वाच.

तो : ‘पेन्शन वर्गणी, ऐच्छिक.’ एवढी? म्हणजे वाढ झाली तेवढी सगळीच?

ती : सगळीच.

तो : कधी केलंस हे?

ती : पाटी लागली त्याच दिवशी. पेन्शनचं बघणाऱ्या बाई वरच्या मजल्यावर बसतात. त्यांच्या टेबलावर काचेच्या भांड्यात एक मासा आहे. रात्रभर उभी होते मी, डोळे मिटत होते. त्या बोलत होत्या आणि मासा तोंड उघडत होता, मिटत होता. मला वाटलं, तोच समजावतोय.

तो : काय समजावलं माशाने?

ती : म्हणाला, बाई, तुमच्या पगारात एक रेष असते. रेषेखाली शंभरातले वीस टॅक्सला जातात. तुमची वाढ त्या रेषेच्या वर डोकं काढतेय. तिथे शंभरातले चाळीस. पण पेन्शनचे पैसे आधी वजा होतात, टॅक्स मग लागतो उरलेल्यावर. म्हणजे रेषेवरचे शंभर पेन्शनमध्ये घातले, तर शंभरच्या शंभर तिकडे. घरी आणले असते तर साठच आले असते.

तो : साठ सोडायचे, शंभर ठेवायचे.

ती : हं. असंच म्हणाला.

तो : आणि म्हातारपणी काढायला गेलं की? तेव्हा काय टॅक्सवाला ओळख विसरतो?

ती : नाही, तेव्हा लागतो. पण तेव्हा पगार नसतो, म्हणून बहुतेक खालच्या दराने लागतो. टॅक्स माफ नाही, पुढे ढकललाय. किती घालता येतात त्यालाही वर्षाची मर्यादा आहे. मी मर्यादेत आहे.

तो : मासा प्रामाणिक आहे. बायकोचं काय?

ती : रागावलास.

तो : लोकांना भूल देतेस, तेव्हा आधी त्यांची सही घेतेस. मला बिनसहीची दिलीस.

ती : तुला विचारलं असतं, तर तू जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसला असतास. इकडे इतके, तिकडे तितके. मला त्या दिवशी हिशोब नको होता रे. मला नुसतं एक काहीतरी हवं होतं, आणि ते हातातून निसटेल असं वाटत होतं.

तो : काय हवं होतं?

ती : बस ना जरा. उभा राहिलास की निघालास असं वाटतं.

तो : निघायचंच आहे. टॉवरमधली मोठी लिफ्ट काल दोन मजल्यांच्या मधेच अडकली. आज दुरुस्तीला परत आत उतरायचंय. बसलो, बोल.

ती : सुरी चालण्याआधी मी सगळ्यांना विचारते, झोपताना कुठे जायचंय? भीती कमी होते. लोक समुद्र म्हणतात, डोंगर म्हणतात. एक बाई म्हणाली, कुठेही, पण सासू नको. त्या आठवड्यात एक म्हातारे शिंपी आले होते. त्यांना विचारलं, काका, कुठे जायचं? ते म्हणाले, घरीच. दुपारचं. ही भाजी निवडत बसलेली असते, मी सुईत दोरा ओवत असतो, आणि कुणी काही बोलत नाही. एवढं म्हणाले आणि भूल चढली. इतके हलके झोपले. मी त्यांच्या हनुवटीला हात लावून उभी होते आणि मला कळेना, मला कुणी विचारलं तर मी काय सांगू. आपली अशी एकही दुपार नाही.

तो : कुठून असणार? मी दिवसाचा, तू रात्रीची. बिछाना एक आणि पाळ्या दोन. बिचारा कधी गार पडत नाही.

ती : म्हणून मी त्या म्हातारीचा विचार केला.

तो : कोणत्या म्हातारीचा?

ती : माझ्या. मी होईन ती. तिला रात्री जागायला लागू नये. नोकरी लवकर सोडता यावी तिला. तिच्या शेजारी तू बसलेला, टक्कल पडलेलं, पेपर वाचताना ओठ हलवणारा. तिला वेळ विकत घेऊन ठेवावा असं वाटलं, बास. वर जाऊन सांगितलं, वाढ सगळी तिकडे घाला.

तो : म्हातारीला सगळं दिलंस.

ती : तुलाही. तू आहेस ना तिथे.

तो : टक्कल पडून.

ती : हसू नको, मला झोप येतेय आणि रडूही येतंय.

तो : मी हसत नाहीये. ऐक, तुला एक सांगायचं होतं. आज संध्याकाळी सांगणार होतो, तू निघायच्या आधी, दारात. मी साहेबांशी बोललोय. आठवड्यातला एक दिवस कमी करून द्या म्हटलं.

ती : पगार?

तो : एका दिवसाचा जाईल. ते तयार आहेत, आज माझं उत्तर मागितलंय, हो की नाही. मी तुझ्या वाढीच्या भरवशावर उडी मारायला बसलो होतो. काल त्या लिफ्टच्या विहिरीत टॉर्च दातात धरून लटकलो होतो, तेव्हाही तेच चाललं होतं डोक्यात. आणि घरी येऊन बघतो तर वाढ गायब.

ती : मला का नाही सांगितलंस?

तो : साहेब नाही म्हणाले असते तर तुझा हिरमोड झाला असता. आता तूच सांग, कुणी कुणावर रागवायचं?

ती : एक दिवस घेऊन काय करणार होतास?

तो : काही नाही. तुझ्याबरोबर घरी बसणार होतो. तू म्हातारपणाची वाट बघतेस, पण दुपार तर रोजच होते.

(ती डोळे मिटून घेते.)

तो : झोपलीस?

ती : नाही. असं बोलू नको, मग झोप येत नाही.

तो : चहा करू?

ती : नको. चहाने तर मुळीच येणार नाही. मग मी सगळं काढून घेऊ का परत? बाईंना सांगते, बंद करा.

तो : गेलेलं आहे ते आहे तिथेच राहणार, पेन्शनचं कुलूप वयानेच उघडतं. पुढच्या महिन्यापासूनचं बोल. आणि सगळं बंद कशाला? लगेच या टोकाचं त्या टोकाला. थांब, कागद कुठेय.

ती : आलाच कागद.

तो : आलाच. हे बघ, तुझी जुनी कमाई रेषेच्या थोडी खाली होती. वाढीचा पहिला तुकडा त्या रेषेपर्यंत भरतो, त्यातले शंभरातले वीसच जातात. तो घरी आणायला काही हरकत नाही. पुढचा तुकडा रेषेच्या वर, तिथे चाळीस. तोच तुझ्या म्हातारीला द्यायचा. तिच्या वाटचं थोडं कमी होईल खरं, पण तिथे तिचा फायदा सगळ्यात जास्त.

ती : आणि खालचा तुकडा पुरेल?

तो : माझा एक दिवस जाईल त्याच्याशी जवळपास गाठ पडतेय. थोडं कमी पडेल. बाहेर जेवायला जाणं महिन्यातून एकदा.

ती : आपण जातो कधी? मागच्या वेळी मी सूपमध्ये डोकं घालून झोपले होते.

तो : मग काटकसर झालेलीच आहे.

ती : म्हातारी काही म्हणेल का?

तो : तिला विचार.

ती : ...म्हणते, चालेल. म्हणते, त्या टक्कलवाल्याला आताच थोडा वापरून घे.

तो : शहाणी आहे. बायको तरुण असताना अशी का नव्हती कोण जाणे.

ती : कोणता दिवस घेशील?

तो : तुला मंगळवारी रात्रपाळी नसते. म्हणजे बुधवारी तू झोपून, ताजी होऊन उठलेली. बुधवार सांगतो साहेबांना.

ती : बुधवार. किती साधा वार आहे. आपण काय करू?

तो : भाजी निवडू. मला दोरा ओवता येत नाही.

ती : मी नुसती बसेन. तू स्टुलावर चढून तो माळा आवर, मी खालून सूचना देईन. आणि फोन बंद. आणि तू लिफ्टचं एकही अक्षर बोलायचं नाही.

तो : आणि तू कुणाला कुठे जायचंय ते विचारायचं नाही.

ती : नाही विचारणार. ... ए.

तो : हं.

ती : बाईंना दुपारी फोन करून सांगशील, रेषेच्या वरचंच ठेवा म्हणून? मला जाग येणार नाही.

तो : माझ्या सांगण्यावरून त्या काही करायच्या नाहीत. पगार तुझा, सही तुझी. संध्याकाळी जाशील तेव्हा वर जा.

ती : बरं. माशालाही सांगते.

तो : निघू आता? लोक जिने चढून शिव्या देत असतील.

ती : जा. ... नाही, थांब. दुपारी या खोलीत ऊन येतं का रे? इतकी वर्षं पडदा ओढूनच झोपतेय मी.

तो : मला काय माहीत. मी कधी असतो?

ती : कुठवर येत असेल? कपाटापर्यंत?

तो : येत असेल. पलंगापर्यंतही येत असेल.

ती : बुधवारी मी झोपलेली असले, तर बघून ठेव. मग मला सांग.

तो : सांगणार नाही. उठवीन.