चार बोटं केस

—छे, भांडण कुठलं? भांडण झालं असतं तर बरं होतं. नुसती छत्री होती, आवडाबाई. रोज शाळा सुटली की चित्रा जोत्याशी उभी राहायची, माझ्यासाठी — आणि आम्ही दोघी मास्तरणी एका छत्रीतून निघायचो, भाऊची जुनी छत्री, एक काडी मोडलेली. ठाण्यात बायका छत्री धरून चालतात म्हणजे केवढं पाप! ओट्याओट्यावर माणसं टपलेली. ‘आल्या मडमा, सावली सांभाळा रे, अंगावर पडेल!’ ती हसायची, मी रडायचे — पण दोघी असायचो ना. त्या मंगळवारी मी बाहेर येऊन बघते तर जोतं रिकामं. ती पुढे निघून गेलेली, उन्हात, एकटी. एवढंच. हो हो, एवढंच! हस तूही.

थांब, हाक मारते परत. धाकूऽऽ! ए धाकूऽऽ, होडी आण रेऽऽ! — पलीकडच्या काठाला होडी बांधून मेला कुठे उलथलाय कोण जाणे. ओहोटी लागली का गं? म्हणजे एकदा गाळ उघडा पडला की संध्याकाळच्या भरतीपर्यंत होडी नाही? अगबाई. तुझं काय, तुझ्या टोपलीतलं मीठ उद्याही विकेल. — ती बघ, समोर, झाडाखाली, तांबडं अलवण दिसतंय? तीच चित्रा. सकाळच्या होडीनं भिवंडीचा दीर घेऊन गेला तिला. तो गावात बैलगाडी ठरवायला गेलाय म्हणून अजून तिथं बसलीय तरी. गाडी आली की भिवंडी. आणि भिवंडीला न्हावी सांगून ठेवलाय.

कशाला म्हणजे? तुमच्यात नाही, आमच्यात आहे. आठव्या वर्षी नवरा मेला तिचा. महिन्या-महिन्याला डोई करायची, ती करत होती — पण गेल्या साली सासू गेली, न्हाव्याला आठवण करणारं घरात कुणी उरलं नाही, आणि हिनंही केली नाही. पदराखाली वाढू दिले. चार बोटं झाले होते, आवडाबाई, मऊ, लहान मुलीसारखे. मी तेल लावलंय त्यांना, दार लावून. म्हणायची, उत्तरे, हे तुला ठाऊक नि मला. तिसरं कुणी नाही.

— काय वाजलं? ...खेकडा? चिखलात? माझं असंच, भांडं पडलं तरी दचकते.

हां, तर जोतं रिकामं. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, गेली असेल काही कामानं. मी नाही म्हणत. मला तेवढा दमच नसतो — मला वाटतं, गेली ती गेलीच, कायमची, मला टाकून. आणि मग अंगात जे शिरतं! सकाळपर्यंत ती माझी देवी होती, दुपारी कैदाशीण झाली. मधलं काही मला येतच नाही गं. घरी आले, शाईची दौत विहिरीत भिरकावली — आणि मग कागद लिहायचा म्हणून भाऊची दौत चोरली! हसण्यासारखंच आहे. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात होते तेव्हाही परीक्षेच्या आदल्या दिवशी बोचकं बांधून स्टेशनावर गेलेले, का, तर खोलीतली मुलगी मला न विचारता जेवायला बसली. आमच्या मोलकरणीला, बायजाला, एकदा गोड बोलली म्हणून आईचा शालू देऊन टाकला, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या दारात जाऊन, रडत, परत मागितला. वैद्य म्हणतो वात. वहिनी म्हणते बाहेरचं आहे, दंडाला ताईत बांधलाय बघ. बांधा. वात न् भूत, दोघांनाही माझं घर सापडलंय.

पत्र? — पत्र कुणी म्हटलं? मी कागद म्हटलं. ...बरं. पत्र. शाळेच्या कमिटीला. निनावी. खाली ‘एक हितचिंतक गृहस्थ’ — गृहस्थ, मी! असं माझ्याकडे बघू नकोस. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. तेच तर. खोटं लिहिलं असतं तर तिला नाही म्हणता आलं असतं. मी खरं लिहिलं — आपल्या मुली जिच्या हाती देता ती विधवा डोईवर केस राखते, पदर काढायला सांगून बघा.

अंधार पडायच्या आत पेटीत टाकलं. आणि पडल्याचा आवाज आला मात्र — अंगातलं सगळं उतरलं. पेटीत हात घातला मी, आवडाबाई, भर रस्त्यात, कोपरापर्यंत जाईना, मनगट सोललं. ही खूण कसली विचारत होतीस ना मघाशी, चूल नव्हे, ही ती. दुसऱ्या दिवशी ती जोत्याशी उभी, रोजच्यासारखी. म्हणाली, काल डोकं ठणकत होतं गं, थांबवेना, रागावलीस? डोकं दुखत होतं तिचं! मी म्हटलं, नाही बाई, रागावते कशाला.

तेव्हा सांगायचं होतं. आठ दिवस होते माझ्याकडे. आठ दिवस त्याच छत्रीतून चालले.

मग कमिटी बसली, महाराणीच्या तसबिरीखाली, पाच पगड्या. पदर काढायला लावला तिला, केस बघितले, दिराला बोलावणं धाडायचं ठरलं. मी दारात उभी. एका म्हाताऱ्याला शंका आली — हे अक्षर पुरुषाचं नाही. पुरुष लिहील तर मोडी खरडील, हे गोल बालबोध, समास सोडून, ट्रेनिंग कॉलेजातलं. अख्ख्या ठाण्यात असं लिहिणाऱ्या आम्ही दोघीच! निनावी लिहायला बसले आणि समास आखला मी, काय म्हणावं? त्यांनी पत्र तिच्या हाती दिलं, विचारलं, हे अक्षर ओळखता? तिनं पुरतं वाचलं. शेवटपर्यंत. एकदा दाराकडे बघितलं. आणि म्हणाली, नाही.

त्या ‘नाही’नं मला जाळलंय. शिव्या दिल्या असत्या तर मी तिचा द्वेष करून सुटले असते!

धाकूऽऽ! ...नाही देत ओ. तिला पुण्याला नेणार आहे मी, आमच्या कॉलेजातल्या बाई ठेवून घेतील, केसांसकट. — खरंच नेशील का, म्हणतेस? उद्या ती पुन्हा पुढे निघून गेली तर? ...तुला कुणी विचारलं?

पाणी मागं सरलं ना? त्या खुंटाशी होतं मघाशी. आणि ती धूळ कसली, गाडी? बैल दिसतायत मला. काय? — धाकूला कशाला, तिलाच हाक मार? इतका वेळ तिचंच नाव का नाही घेतलं? ...म्हातारे, फार शहाणी आहेस. कारण धाकूनं ओ नाही दिली तर तो झोपलाय.

चित्रेऽऽ!

चित्रेऽऽ! अगं मी — मी उत्तराऽऽ! पत्र मी —

...

उठली.

ऐकलंस? ओ दिली तिनं. अगदी जोत्यावरून द्यायची तशी — ‘काय गंऽऽ?’

आता काय सांगू, आवडाबाई? — नको, तू बोलू नकोस. ऊठ, टोपली उचल, जा तिकडे. इथं नको थांबूस, तिसरं कुणी नको. जा म्हणते ना!