एकावन्न चौरस फूट कमी

मी, खाली सही करणारा, वय ५४ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार भाड्याची खोली, तिसरा मजला, लिफ्ट नाही, समक्ष ठाण्यात हजर राहून विचारल्यावरून जबाब देतो की,

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. तीन वर्षांपूर्वी पत्नीच्या पायांतली ताकद गेली. तेव्हापासून ती चाकाच्या खुर्चीवर असते. मी कामावर असताना तिला बाथरूमला जायचे झाले तर शेजारच्या वहिनींना हाक मारावी लागते. वहिनी घरी नसल्या तर थांबावे लागते. किती वेळ, ते लिहू नका. म्हणून आम्ही फ्लॅट बुक केला तो बाथरूम बघून, हॉल बघून नाही.

त्या इमारतीतल्या सॅम्पल फ्लॅटचे फर्निचर मीच केले होते. पलंग साडेपाच फुटांचा करा, कपाट उथळ ठेवा, खोल्यांना दारे लावू नका, म्हणजे जागा मोठी दिसते, असे साइट मॅनेजरांनी सांगितले होते. मी म्हणालो, "साहेब, यावर माणूस झोपणार की बाहुली?" ते हसले. मीही हसलो आणि मजुरी घेतली. असे सगळीकडेच करतात. पुढे त्याच सॅम्पल फ्लॅटमध्ये पत्नी खुर्ची घेऊन सगळीकडे फिरली, बाथरूममध्ये गेली, गर्रकन वळून बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, इथे मला कुणाला हाक मारायला नको." तेव्हा मी मूग गिळून बसलो. मला वाटले, पलंग खोटा असेल, पण छापील नकाशातले माप कशाला खोटे असेल? जन्मभर हातात टेप घेऊन हिंडणाऱ्या माणसाने ही चूक केली. ही माझी चूक आहे, तीही लिहून घ्या.

खरेदीखतावर सोमवारी सह्या ठरल्या आहेत. त्याआधी काल, शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास मी पत्नीला घेऊन आमचा फ्लॅट बघायला गेलो. स्टीलच्या टेपने मोजला. कागदावर ६१२ चौरस फूट आहे, भरला ५६१. तीनदा मोजला. बाथरूम कागदावर पाच फूट बाय साडेसात फूट, प्रत्यक्षात चार फूट दोन इंच बाय सहा फूट एक इंच. पत्नी आत गेली ती अडकली. वळता येईना, मागे येताना चाक चौकटीला घासले. मी तिला उचलून बाहेर आणले आणि टाइल्सच्या खोक्यांवर बसवले. मग खुर्ची मिटून बाहेर काढली आणि पुन्हा उघडून ठेवली.

तेवढ्यात मॅनेजर आले. मी माप दाखवले. म्हणाले, "प्लास्टरमध्ये जातं हो थोडंफार." मी म्हणालो, "एकावन्न फुटांचं प्लास्टर? भिंतींना गाद्या शिवल्यात काय?" ते म्हणाले, "टेप बदला." मग पत्नीकडे न बघता मला म्हणाले, "आणि यांना घरात एवढं फिरायचंय कशाला? एका जागी बसवून ठेवा." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात उगारला नाही. हातात टेप होती, ती खाली ठेवली.

मी एवढेच म्हणालो, "मग तुम्ही आत वळून दाखवा." ते "त्यात काय एवढं" असे म्हणत आपणहून खुर्चीत बसले आणि आत गेले. पत्नी म्हणाली, "दार लावून घ्या. मलाही लावावं लागेल ना." त्यांनी स्वतःच्या हाताने दार लोटले. ते दार आतल्या बाजूला उघडते. खुर्ची जराशी मागे सरकून तिरकी अडकली आणि चाक दाराला टेकले. पुढे कमोड, बाजूला बेसिन. दार उघडेना आणि खुर्ची वळेना.

मी बाहेरून कडी लावली असे मॅनेजरांनी तक्रारीत म्हटले आहे, ते धादांत खोटे आहे. त्या दाराला कडीच नाही. कड्या बसवायचे काम माझ्याकडेच आहे आणि ते अजून व्हायचे आहे. मॅनेजर आतून मला शिव्या देत होते. पत्नी खोक्यांवरून म्हणाली, "साहेब, शिव्या कशाला देता? हाक मारा. शेजारी कोणी असेल तर येईल." तीन वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. खुर्चीची सीट मधोमध धरून वर ओढली की खुर्ची मिटते, हे मी त्यांना पहिल्याच मिनिटाला सांगितले. खरे सांगायचे तर दहाव्या. अकराव्या मिनिटाला ते घामाने निथळत बाहेर आले आणि तडक इथे ठाण्यात आले.

त्यांची तक्रार मला आज वाचून दाखवली. तीत ते म्हणतात, "बाथरूममध्ये खुर्ची वळवण्याइतकीही जागा नसल्याने मला स्वतःहून बाहेर पडता आले नाही." कडीचे वाक्य सोडले तर ती तक्रार अक्षरन् अक्षर खरी आहे, माझी काही हरकत नाही. मला तिची सहीशिक्क्याची नक्कल द्यावी. सोमवारी मी खरेदीखतावर सही करणार नाही. ती नक्कल त्यांच्या मालकांच्या टेबलावर ठेवणार आहे.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी "जागा थोडी कमी" असे लिहिले होते, त्यातला "थोडी" मी खोडायला लावला. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे. पत्नीलाही जबाब द्यायचा आहे. ठाण्याला सात पायऱ्या आहेत, ती खाली रस्त्यावर थांबली आहे. कागद घेऊन तुम्ही खाली यावे.